काय घ्यायचं, काय वगळायचं: लिनक्स बॅकअपबद्दल वाचकांचे प्रश्न

बॅकअपसाठी डिस्क कोणती घ्यावी, यावर मागच्या अंकात लिहिल्यानंतर आलेली पत्रं एकाच मुद्द्याभोवती फिरतात: डिस्क घेतली, आता तिच्यात भरायचं काय? (फोल्डरांची आणि पर्यायांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीतच टाइप करायची.)

प्रश्न: उबुंटू २४.०४ वर आरसिंकने (फाइलींची नक्कल करणारी आज्ञा) संपूर्ण '/' चा बॅकअप बाहेरच्या १ टेराबाइटच्या डिस्कवर घेतो आहे. रात्रभर चाललं, डिस्क भरली. पाहिलं तर गाडी 'केकोर' नावाच्या फाइलवर अडकलेली. तिचा आकार १२८ टेराबाइट दिसतो! माझी मूळ डिस्कच ५१२ जीबीची आहे. '/' खालचं नेमकं काय वगळायचं? — छपाई व्यावसायिक, सांगली

उत्तर: ती फाइल तुमच्या डिस्कवर नाहीच. '/प्रॉक' आणि '/सिस' हे दोन फोल्डर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीतून उभे करतं. त्यांत दिसणाऱ्या 'फाइली' म्हणजे कर्नलला विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. 'केकोर' ही मेमरीकडे पाहण्याची खिडकी आहे आणि ६४ बिटच्या कर्नलमध्ये तिचा आकार पत्त्यांच्या आवाक्याएवढा दाखवला जातो. आरसिंकला हे कळत नाही, ते बिचारं इमानाने वाचत बसतं. '/डेव्ह' मधली उपकरणं आणि '/रन' मधला मजकूरही प्रत्येक वेळी मशीन सुरू होताना नव्याने तयार होतो. हे चारही वगळा, पण '/प्रॉक' असं न लिहिता '/प्रॉक/*' असं लिहा. पहिल्या प्रकारात फोल्डरच बॅकअपमध्ये येत नाही आणि परत आणलेली सिस्टिम बूट होताना कर्नलचा मजकूर जोडायला जागाच सापडत नाही. दुसऱ्या प्रकारात रिकामा फोल्डर येतो, तोच हवा असतो. '/टीएमपी/*' साठीही हेच: आतलं गेलं तरी चालेल, पण फोल्डर आणि त्याची १७७७ ही परवानगी टिकली पाहिजे.

तुमची डिस्क भरण्याचं आणखी एक कारण '/स्नॅप' असू शकतं. उबुंटूत प्रत्येक स्नॅप पॅकेज ही एक दाबलेली फाइल असते आणि ती '/स्नॅप' खाली उघडून माउंट केलेली, म्हणजे फोल्डर म्हणून जोडलेली असते. आरसिंक त्या उघडलेल्या रूपाची नक्कल करतं, म्हणजे दाबून ठेवलेला माल फुगवून डिस्कवर पसरतो. शिवाय बाहेरची डिस्क स्वतः '/मीडिया' खाली माउंट असते. ते वगळलं नाही तर बॅकअप आपलाच बॅकअप घेऊ लागतो.

या सगळ्यावर एक नेमका उपाय म्हणजे आरसिंकचा छोटा 'एक्स' पर्याय. तो दिला की आरसिंक एका फाइलसिस्टिमची हद्द ओलांडत नाही. माउंट पॉइंटचे रिकामे फोल्डर मात्र आणतं. तोच 'एक्स' दोनदा दिला तर रिकामे फोल्डरही येत नाहीत, म्हणून एकदाच द्या. पण याची दुसरी बाजूही आहे. '/होम' वेगळ्या पार्टिशनवर असेल तर तेही निमूटपणे गळेल. '/बूट/ईएफआय' जवळपास नेहमीच वेगळं पार्टिशन असतं, तेही गळेल. बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमवर प्रत्येक सबव्हॉल्यूम (तिचा आतला स्वतंत्र भाग) आरसिंकला वेगळी फाइलसिस्टिम वाटते, आणि फेडोरा वर्कस्टेशनमध्ये आवृत्ती ३३ पासून 'होम' हे तसंच वेगळं सबव्हॉल्यूम असतं. म्हणून आधी 'फाइंडएमएनटी' चालवून कोणता फोल्डर कुठून आला आहे ते पाहा आणि राहणाऱ्या प्रत्येकासाठी आरसिंकची वेगळी ओळ लिहा.

बाकी वगळण्याजोगं: स्वॅप फाइल (उबुंटूत '/स्वॅपफाइल' किंवा '/स्वॅप.आयएमजी', नक्की नाव 'स्वॅपऑन --शो' सांगतं), '/व्हार/कॅशे/एपीटी/आर्काइव्ह्ज' मधली डेब पॅकेजं आणि '/व्हार/लिब/स्नॅपडी/कॅशे'. या शेवटच्या फोल्डरात स्नॅपच्याच फाइलींच्या हार्ड लिंक असतात. आरसिंकला कॅपिटल 'एच' दिला नसेल तर एकच पॅकेज दोनदा उतरतं. एरवीही '-ए' मध्ये सगळं येतं हा गैरसमज आहे. हार्ड लिंकसाठी कॅपिटल 'एच', एसीएलसाठी (फाइलीच्या जादा परवानग्या) कॅपिटल 'ए' आणि विस्तारित गुणधर्मांसाठी कॅपिटल 'एक्स' वेगळे द्यावे लागतात.

'/यूएसआर' वगळू का, असंही पुष्कळ जण विचारतात, कारण 'ते काय, परत इन्स्टॉल होईल'. होईल, पण मग पूर्णच तो मार्ग धरा. अर्धवट केलंत तर फसाल: '/यूएसआर' वगळलं आणि '/व्हार/लिब/डीपीकेजी' घेतलं, तर परत आणलेल्या सिस्टिममध्ये पॅकेजांच्या नोंदवहीत सगळं इन्स्टॉल झालेलं दिसतं आणि डिस्कवर फाइली नसतात. पॅकेजं बसवणाऱ्या एपीटीला काही सांगितलं की ते म्हणणार, हे तर आहेच! ही जोडी एकत्र घ्या किंवा एकत्र सोडा. सोडणार असाल तर 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल' ची यादी एका फाइलीत काढून ठेवा आणि '/ईटीसी', '/रूट', '/ऑप्ट', '/एसआरव्ही', '/यूएसआर/लोकल' घ्या. सोबत '/व्हार/स्पूल/क्रॉन' नक्की घ्या. क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालवायच्या कामांची यादी) आपल्या होममध्ये असतो असं सगळ्यांना वाटतं. तो तिथे नसतो.

प्रश्न: '/होम/' चा बॅकअप घेताना '--एक्सक्लूड=/होम/मी/.कॅशे' दिलं आहे, तरी कॅशेचे ९ जीबी उतरतातच. — विद्यार्थी, नांदेड

उत्तर: आरसिंकच्या नमुन्यातला, म्हणजे '--एक्सक्लूड' ला दिलेल्या नावातला, सुरुवातीचा स्लॅश डिस्कच्या मुळापासून मोजला जात नाही. तुम्ही ज्या फोल्डरचा बॅकअप घेता, तिथून तो मोजला जातो. स्रोत '/होम/' असा शेवटी स्लॅश देऊन लिहिला असेल तर नमुना '/मी/.कॅशे/' हवा. स्रोत '/होम' असा शेवटच्या स्लॅशशिवाय असेल तर '/होम/मी/.कॅशे/' बरोबर आहे. स्रोत '/' असेल तेव्हाच पूर्ण पत्ता आणि नमुना योगायोगाने सारखे दिसतात. नेटवरची बहुतेक उदाहरणं त्याच प्रकारची असल्यामुळे हा घोळ होतो.

उलट टोकही टाळा. वैतागून नुसतं '--एक्सक्लूड=कॅशे' लिहिलं तर कुठल्याही पातळीवरची, त्या नावाची कुठलीही फाइल किंवा फोल्डर गळतो. 'कोर' हे नाव त्याहून घातक. क्रॅशनंतर पडणाऱ्या 'कोर' फाइली नकोत म्हणून ते यादीत टाकतात, आणि प्रोग्रामच्या सोर्समधले 'कोर' नावाचे सगळे फोल्डर जातात. गव्हाबरोबर किडे रगडले जातात म्हणतात. इथे किड्यांपायी गहू जातो. नमुन्याला सुरुवातीचा स्लॅश द्या, आणि फोल्डरच वगळायचा असेल तर शेवटचाही द्या.

आधीपासून उतरलेले ९ जीबी नमुना सुधारल्यावरही बॅकअपमध्ये पडून राहतील. '--डिलीट' वगळलेल्या गोष्टींना हात लावत नाही. त्यासाठी एकदा '--डिलीट-एक्सक्लूडेड' द्या, पण आधी '-एन' लावून कोरडी फेरी करून काय पुसलं जाणार ते वाचा.

प्रश्न: हाताने चालवलं की वगळण्याची यादी पाळली जाते, क्रॉनमधून चालवलं की नाही. ओळ तीच. — सिस्टिम प्रशासक, नाशिक

उत्तर: तुमच्या पत्रातल्या ओळीत '--एक्सक्लूड=' नंतर महिरपी कंसात सगळे नमुने स्वल्पविराम देऊन लिहिले आहेत. तो कंस आरसिंकला कळत नाही. बॅश तो फोडून प्रत्येक नमुन्याचा वेगळा '--एक्सक्लूड' करून देतं. क्रॉन मात्र डीफॉल्ट '/बिन/एसएच' वापरतं आणि डेबियन-उबुंटूत ते म्हणजे डॅश. डॅशला हा कंस फोडता येत नाही, म्हणून आरसिंकला एकच भलामोठा नमुना मिळतो आणि तो कशाशीच जुळत नाही. चूकही दाखवली जात नाही. यादी वेगळ्या फाइलीत, एका ओळीत एक नमुना अशी लिहा आणि '--एक्सक्लूड-फ्रॉम' ने द्या. त्याच ओळीत तारखेसाठी टक्क्याचं चिन्ह आहे. क्रॉनटॅबमध्ये त्याच्या आधी उलटा स्लॅश नसेल तर ओळ तिथेच तुटते. सरळ एक स्क्रिप्ट करा आणि क्रॉनमध्ये फक्त तिचं नाव ठेवा.

प्रश्न: मी मराठी डीटीपीचं काम करते. मशीन बदलताना 'सीपी -आर' आणि होममधला '*' वापरून सगळं डिस्कवर घेतलं. नव्या मशीनवर फाइली आल्या, पण लिब्रेऑफिसमध्ये चार वर्षं जमवलेले मराठी शब्द, फॉन्ट आणि मी बदलून घेतलेला कीबोर्ड हे सगळं गेलं. — डीटीपी ऑपरेटर, कोल्हापूर

उत्तर: शेलमधला '*' टिंबाने सुरू होणाऱ्या नावांना जुळत नाही आणि तुमचं गेलेलं जवळपास सगळं टिंबाच्याच फोल्डरांत होतं. जुनी डिस्क अजून फॉरमॅट केलेली नसेल तर ती जोडा आणि फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबा, लपलेले फोल्डर दिसतील.

लिब्रेऑफिसचा तुमचा शब्दसंग्रह '.कॉन्फिग/लिब्रेऑफिस/४/यूजर/वर्डबुक' मध्ये 'स्टँडर्ड.डीआयसी' या फाइलीत असतो. ही साधी मजकुराची फाइल आहे. नव्या मशीनवर लिब्रेऑफिस बंद ठेवून त्याच जागी ठेवली की शब्द परत येतात. शेजारच्या 'ऑटोकॉर' फोल्डरात आपोआप दुरुस्तीच्या नोंदी असतात. फॉन्ट फाइलीवर दोनदा क्लिक करून 'इन्स्टॉल' केले असतील तर '.लोकल/शेअर/फॉन्ट्स' मध्ये मिळतील, जुन्या काळातले '.फॉन्ट्स' मध्ये. सगळ्यांसाठी म्हणून टाकलेले बहुधा '/यूएसआर/लोकल/शेअर/फॉन्ट्स' मध्ये, म्हणजे होमच्या बाहेर.

कीबोर्डचं दुखणं वेगळं आहे. भारतीय भाषांचे लेआउट '/यूएसआर/शेअर/एक्स११/एक्सकेबी/सिम्बॉल्स' मधल्या 'इन' या एकाच फाइलीत असतात आणि लोक तिच्यातच दोन अक्षरं इकडची तिकडे करतात. ही फाइल पॅकेजच्या मालकीची आहे. पुढच्या अपडेटला ती नव्याने लिहिली जाते, बॅकअप असो वा नसो. वेलँडवर (डेस्कटॉपची नवी डिस्प्ले व्यवस्था) लेआउट '.कॉन्फिग/एक्सकेबी' मध्ये ठेवता येतो. टायपिंगसाठी एम१७एन हे साधन वापरत असाल तर स्वतःच्या फाइली '.एम१७एन.डी' मध्ये ठेवा. तिथून त्या होमच्या बॅकअपमध्ये येतात आणि अपडेटही त्यांना हात लावत नाही.

या प्रकरणातून यादी कशी करायची तेही ठरतं. 'डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप घ्या' अशी घेण्याची यादी केली की जे आठवलं नाही ते गेलं. सगळं होम घ्या आणि वगळण्याची यादी करा. वगळायचं विसरलं तर डिस्क भरते आणि लक्षात येतं. घ्यायचं विसरलं तर ते वर्षभरानंतर, नेमक्या गरजेच्या दिवशी कळतं. होममधून निर्धास्त वगळण्याजोगं फार थोडं आहे: '.कॅशे', '.लोकल/शेअर/ट्रॅश' आणि फ्लॅटपॅक (अॅप बसवण्याची स्नॅपसारखी पद्धत) वापरत असाल तर '.व्हार/अॅप/*/कॅशे'. हे शेवटचं '.कॅशे' च्या नमुन्यात येत नाही, त्याच्या नावाला टिंब नाही. पण '.व्हार' सगळंच उडवू नका, फ्लॅटपॅक अॅपांचा खरा डेटा तिथेच असतो. स्नॅपच्या फायरफॉक्सचंही तसंच: बुकमार्क आणि पासवर्ड 'स्नॅप/फायरफॉक्स/कॉमन/.मोझिला' मध्ये, कॅशे शेजारच्या '.कॅशे' मध्ये. 'डाउनलोड्स' वगळायचं का, ते स्वतःच्या सवयीवरून ठरवा. देजा-डुप हे साधन ते आपणहून वगळतं, आणि ग्राहकांनी पाठवलेल्या फाइली तिथेच ठेवून काम करणाऱ्यांना ते महागात पडतं. टाइमशिफ्ट तर सुरुवातीच्या सेटिंगमध्ये होमला स्पर्शच करत नाही. ते सिस्टिम मागे नेण्यासाठी आहे, तुमच्या कामाच्या फाइलींसाठी नाही.

प्रश्न: संस्थेच्या वेबसाइटचा मारियाडीबी डेटाबेस '/व्हार/लिब/मायएसक्यूएल' मध्ये आहे. रोज तो फोल्डर आरसिंक करतो. पुरे ना? — ग्रंथालय कर्मचारी, रत्नागिरी

उत्तर: नाही. सर्व्हर चालू असताना त्या फाइली बदलत असतात. आरसिंक पहिली फाइल ११ वाजून २ मिनिटांनी वाचतं आणि शेवटची ११ वाजून ६ मिनिटांनी, त्यामुळे तुमच्याकडे कुठल्याच एका क्षणाचा डेटाबेस नसतो. परत आणल्यावर तो कदाचित सुरू होईल, कदाचित होणार नाही.

'मारियाडीबी-डंप' ने मजकुराच्या रूपात डंप काढा, तो बॅकअपमध्ये घ्या आणि '/व्हार/लिब/मायएसक्यूएल/*' वगळा. पर्याय '--सिंगल-ट्रान्झॅक्शन' द्या, म्हणजे सगळी टेबलं एकाच क्षणाची येतात आणि साइट अडत नाही. मात्र हे इनोडीबी प्रकारच्या टेबलांपुरतं खरं आहे. जुनी मायआयसॅम प्रकारची टेबलं उरली असतील तर ती आधी बदलून घ्या. ट्रिगर डंपमध्ये आपोआप येतात, प्रोसिजर आणि इव्हेंट येत नाहीत. त्यांना '--रूटीन्स' आणि '--इव्हेंट्स' लागतात. डिस्क भरली किंवा जोडणी तुटली तर अर्धा डंपही फाइल म्हणून छान दिसतो. नीट संपलेल्या डंपच्या शेवटच्या ओळीत 'डंप कम्प्लीटेड' असं लिहिलेलं असतं. स्क्रिप्टमध्ये ती ओळ तपासा. लोकांनी चढवलेली चित्रं आणि पीडीएफ डेटाबेसमध्ये नसतात, बहुधा '/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' खाली असतात. आधी डंप, मग त्या फाइली असा क्रम ठेवा, म्हणजे मधल्या काळात काही पुसलं गेलं नसेल तर डंपमध्ये नोंद असलेली प्रत्येक फाइल सापडते.

प्रश्न: 'नोड_मॉड्यूल्स' मधल्या लाखभर बारीक फाइलींमुळे बॅकअप रांगतो. गिटइग्नोरची (गिटने कोणत्या फाइली सोडायच्या ती) यादीच आरसिंकला दिली तर? — प्रोग्रामर, पुणे

उत्तर: आरसिंकला ती वाचता येते, पण देऊ नका. गिटइग्नोरमध्ये दोन प्रकारचा माल असतो: पुन्हा तयार होणारा, आणि गुपित म्हणून गिटमध्ये न घातलेला. '.ईएनव्ही' मधले पासवर्ड आणि किल्ल्या दुसऱ्या प्रकारातल्या. त्या गिटवरही नाहीत आणि बॅकअपमध्येही नसतील. 'नोड_मॉड्यूल्स/', '__पायकॅशे__/', '.व्हेन्व्ह/' ही नावं थेट लिहा. 'पॅकेज-लॉक' फाइल आणि '.गिट' घ्या. बोर्ग किंवा रेस्टिक ही बॅकअपची साधनं वापरत असाल तर '--एक्सक्लूड-कॅशेस' लावा. ज्या फोल्डरात 'कॅशेडिर.टॅग' ही खुणेची फाइल असेल त्यातला मजकूर ही साधनं घेत नाहीत. रस्टचं कार्गो 'टार्गेट' मध्ये ही फाइल स्वतःच ठेवतं. टारलाही ही खूण कळते, आरसिंकला नाही.

डॉकरचे कंटेनर असतील तर '/व्हार/लिब/डॉकर' पूर्ण वगळू नका. 'ओव्हरले२' सोडा, 'व्हॉल्यूम्स' घ्या. त्यात डेटाबेस असेल तर वरचंच उत्तर लागू.

प्रश्न: रात्रीच्या लॉगमध्ये मराठी नावांच्या जागी '\#३४०\#२४४' अशी अंकांची रांग येते. आणि विंडोजच्या डिस्कवरच्या काही फाइली 'नाव फार लांब' म्हणून येतच नाहीत. — शिक्षक, बार्शी

उत्तर: पहिलं निरुपद्रवी आहे. क्रॉनमध्ये भाषेची मांडणी ठरवलेली नसल्यामुळे देवनागरीचे बाइट आरसिंकला छापण्याजोगे वाटत नाहीत. '-८' पर्याय द्या, नावं नीट दिसतील. फाइली आधीही नीटच येत होत्या.

दुसरं मात्र खरं नुकसान आहे. एक्सटी४ मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे धरून जेमतेम ८५ चिन्हं. एनटीएफएसची मर्यादा २५५ चिन्हांची असल्यामुळे तिथे 'वार्षिक स्नेहसंमेलन अहवाल' पासून पुढे पूर्ण वाक्याचं नाव चालून गेलं. आरसिंक अशा वेळी २३ हा निकाल देऊन बाहेर पडतं. तो आकडा दिसला तर लॉग वाचायलाच हवा. २४ आला तर वाचता वाचता एखादी फाइल नाहीशी झाली एवढाच अर्थ, त्याची चिंता नको.

प्रश्न: बॅकअपची डिस्क जोडायला विसरलो आणि सकाळी '/' वर शून्य जागा! — वाचक, मडगाव

उत्तर: डिस्क नव्हती तरी '/एमएनटी/बॅकअप' हा रिकामा फोल्डर होता, आरसिंकने त्यातच भरलं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/बॅकअप' तपासा आणि माउंट नसेल तर तिथेच बाहेर पडा. आत्ता पुसण्याआधी डिस्क जोडलेली नाही याची खात्री करा, नाहीतर खरा बॅकअप पुसाल.

प्रश्न: यादी बरोबर आहे हे कसं तपासायचं? आणि माझी डिस्क लक्सने (लिनक्सची डिस्क कुलूपबंद करण्याची पद्धत) एन्क्रिप्ट केलेली आहे, त्यासाठी काही वेगळं? — अभियंता, ठाणे

उत्तर: '-एन' आणि 'व्हीव्ही' देऊन आरसिंक चालवा. कोणता नमुना कोणती फाइल लपवतो आहे, ते ओळीओळीने छापलं जातं. ते एका फाइलीत घेऊन प्रत्येक नमुन्याखाली काय काय गेलं ते वाचा. नको तो मासा जाळ्यात आला असेल तर तिथेच दिसतो. आकारावरून वगळणारे '--मॅक्स-साइझ' सारखे पर्याय असतील तर ते काढा. मुलाच्या मुंजीचा व्हिडिओ आणि निरुपयोगी आयएसओ फाइल त्यांच्या लेखी सारखेच.

लक्सचं हेडर, म्हणजे किल्ल्यांची माहिती असलेला डिस्कचा भाग, कुठल्याच फोल्डरात नसतं, म्हणून फाइलींच्या कुठल्याच यादीत येत नाही. ते बिघडलं तर पासवर्ड ठाऊक असूनही ती डिस्क उघडत नाही. 'क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप' ने त्याची प्रत काढा. लक्स२ मध्ये ती साधारण १६ एमबीची होते. ती त्याच डिस्कवर ठेवू नका. पुढे पासवर्ड बदललात तर नवी प्रत काढून जुनी नष्ट करा, कारण जुन्या हेडरवर जुनाच पासवर्ड चालतो.